नवजात बाळाचं ऐकणं आणि मेंदूतली श्रवणवाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाच्या ऐकण्याबद्दल आई-बाबा, आजी-आजोबा, आशाताई आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. माणूस हा नरवानर गणातलाच प्राणी. त्यामुळे उत्तरांत माकडांची पिल्लंही येतील. आपल्या बाळांबद्दल जे कळलंय, त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळेच कळलंय.

बाळ जन्मतं तेव्हा त्याला ऐकू येतं का?

येतं, आणि जन्माच्या बरंच आधीपासून. उंदराच्या पिल्लाला पहिले १०-१२ दिवस जवळपास काहीच ऐकू येत नाही. माणसाचं बाळ आणि ऱ्हीसस माकडाचं पिल्लू मात्र ऐकतच जगात येतात. आतल्या कानातला शंखाकृती अवयव, कॉक्लिया, गरोदरपणाच्या मध्यावर आकाराला आलेला असतो. १९८३ साली बोस्टनमध्ये सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटातल्या बाळांच्या पापण्या पाहिल्या गेल्या. पोटावर कंपन करणारं उपकरण टेकवून आवाज केला, तर २४-२५ व्या आठवड्यापासून काही बाळं पापणी मिटायला लागतात. २८ व्या आठवड्यानंतर जवळपास सगळीच मिटतात.

मग "अजून परिपक्व व्हायचंय" असं डॉक्टर म्हणतात, ते कशाबद्दल?

कानाबद्दल नाही, कानाच्या पुढच्या वाटेबद्दल. आवाज कॉक्लियातल्या केसपेशींपाशी, म्हणजे कंपनं टिपणाऱ्या पेशींपाशी, पोचला की त्याचे विद्युत-संकेत होतात. ते श्रवणचेतेतून ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात शिरतात. तिथे पहिला थांबा कॉक्लिअर न्यूक्लिअस. मग ऑलिव्ह नावाचा केंद्रकांचा समूह, जिथे डाव्या आणि उजव्या कानाचे संकेत पहिल्यांदा एकत्र येतात आणि आवाज कुठून आला हे ठरायला लागतं. वर मध्यमेंदूत इन्फिरिअर कॉलिक्युलस, त्यापुढे थॅलॅमस, आणि शेवटी कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूच्या घडीत दडलेला श्रवण कॉर्टेक्स.

या वाटेचा खालचा टप्पा लवकर तयार होतो आणि वरचा फार उशिरा. चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं तसं ते तंतूभोवती बसतं आणि संकेत वेगाने, वेळ न चुकवता धावायला लागतात. ब्रेनस्टेममधल्या श्रवणतंतूंवर हे आवरण गरोदरपणाच्या २६ ते २९ व्या आठवड्यांत दिसू लागतं. कॉर्टेक्सची गोष्ट निराळी. लॉस एंजेलिसच्या जीन मूर यांनी वेगवेगळ्या वयात दगावलेल्या मुलांच्या मेंदूंचा बारकाईने अभ्यास केला. जन्माच्या वेळी श्रवण कॉर्टेक्सच्या फक्त सर्वांत बाहेरच्या थरात परिपक्व तंतू असतात, असं त्यांना दिसलं. खालच्या थरांत ते पहिल्या वर्षात उतरायला लागतात आणि पाच वर्षांपर्यंत भरत राहतात. बाहेरच्या थराला लागून असलेले थर, जे कॉर्टेक्सच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडतात, ते पूर्ण व्हायला ११-१२ वर्षं लागतात.

हा फरक मोजताही येतो. कानात टिकटिक वाजवली की श्रवणचेतेतून आणि ब्रेनस्टेममधून ओळीने पाच लहरी उठतात. पाचवी लहर यायला मोठ्या माणसात साडेपाच मिलिसेकंद लागतात, नवजात बाळात सातच्या आसपास. दोन वर्षांचं होईपर्यंत मूल या बाबतीत मोठ्यांच्या बरोबरीला येतं. कॉर्टेक्समधून उठणारी पी-वन नावाची लहर मात्र नवजात बाळात तब्बल ३०० मिलिसेकंदांनी येते, तीन वर्षांच्या मुलात सुमारे १२५ आणि मोठ्यांत ६० च्या आसपास.

पोटातल्या बाळाला काय ऐकू येतं? गर्भसंस्काराची गाणी लावावीत का?

आईच्या हृदयाचे ठोके, रक्ताचा आणि आतड्यांचा आवाज, आणि सगळ्यांत स्पष्ट आईचं बोलणं. तो आवाज तिच्या शरीरातूनच बाळापर्यंत जातो. बाहेरचे आवाज पोचतात, पण त्यांतले उंच स्वर पोटाच्या भिंतीत आणि गर्भजलात बरेच गाळले जातात. चाल आणि ताल पोचतात, व्यंजनांचे बारकावे धूसर होतात. बाळाला खालच्या पट्टीतले आवाज आधी कळतात, उंच पट्टीतले नंतर, साधारण ३३ ते ३५ व्या आठवड्यात.

आईला आवडत असेल तर गाणी जरूर लावा, तिच्या मनाला बरं वाटेल तेही महत्त्वाचं आहे. हेडफोन पोटाला लावायची मात्र काहीही गरज नाही. आईने दिवसभर घरात जे बोलायचं, गुणगुणायचं, कुणाला हाक मारायची, ते बाळापर्यंत सर्वांत नीट पोचतं.

याचा पुरावा १९८० चा आहे. अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना तोंडात चोखणी दिली आणि ठराविक लयीत चोखलं तर आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखलं तर परक्या बाईचा, अशी योजना केली. बाळांनी आपली चोखण्याची लय बदलून आईचा आवाज मिळवला. एवढ्या थोड्या वेळात इतकी ओळख होणं कठीण, ती बहुधा आतूनच झालेली असते.

बारशाला आत्या कानात नाव सांगते. ते बाळाला ऐकू येतं?

कान चांगले असतील तर येतं. "कुर्रर्र" तर नक्कीच. बाराव्या दिवशी नावाचा अर्थ कळत नाही, पण मायेने, अगदी जवळून, चढ-उतार करून काढलेला आवाज नवजात मेंदूला हवाच असतो. नंतर आत्याच्या पाठीत बसणारे धपाटेही त्याला ऐकू येतात.

बाळांबद्दल जाणून घ्यायला माकडं कशाला? त्यांचा मेंदू वेगळा नाही का?

वाट तीच आहे, थांबे तेच आहेत, वेळापत्रक वेगळं आहे. ऱ्हीसस माकडाचा, म्हणजे उत्तर भारतात देवळांत आणि रेल्वे स्टेशनांवर दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाचा, गर्भकाळ साधारण साडेपाच महिन्यांचा. त्याचा मेंदू जन्मतः प्रौढ मेंदूच्या साठ टक्क्यांहून मोठा असतो. चिंपांझीचा चाळीस टक्क्यांच्या आसपास. माणसाचा एक तृतीयांशापेक्षाही कमी. म्हणजे माकडाच्या पिल्लाचं जे काम पोटात उरकतं, त्यातलं बरंच आपलं बाळ बाहेर आल्यावर करतं, आवाजांच्या गर्दीत, माणसांत. माणसाच्या ऐकण्याची ताकद आणि त्याचा धोका, दोन्ही मला इथेच दिसतात.

आता चेतासंधींचं पाहा, म्हणजे एका चेतापेशीने दुसरीशी केलेल्या जोडण्यांचं. पास्को राकिच आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवलं की ऱ्हीसस पिल्लात कॉर्टेक्सच्या निरनिराळ्या भागांत या जोडण्या एकाच सुमारास, जन्मानंतरच्या दोन ते चार महिन्यांत, शिगेला पोचतात आणि मग नको असलेल्या छाटल्या जातात. माणसात तसं एकदम होत नाही. शिकागोच्या पीटर हटनलॉकर यांच्या मोजणीनुसार आपल्या श्रवण कॉर्टेक्समध्ये जोडण्यांची दाटी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कळसाला जाते, तर कपाळामागच्या विचार करणाऱ्या भागात कितीतरी नंतर. ऐकण्याला आपल्या मेंदूने अग्रक्रम दिलेला आहे.

"बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही." याचा ऐकण्याशी काय संबंध?

याचं उत्तर समजून घ्यायला प्वेर्तो रिकोला जावं लागेल. विल्यम विंडल हे अमेरिकन शास्त्रज्ञ तिथे, सॅन हुआनच्या प्रयोगशाळेत, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ऱ्हीसस माकडांच्या जन्माचा अभ्यास करत होते. त्याच बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत कायो सान्तियागो नावाचं छोटं बेट आहे. १९३८ मध्ये तिथे सुमारे ४०० ऱ्हीसस माकडं भारतातून जहाजाने नेऊन सोडली होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

जन्मताना प्राणवायू तुटला तर मेंदूचं काय होतं, हा विंडल यांचा प्रश्न होता. पिल्लांना जन्मताच काही मिनिटं श्वास घेऊ दिला नाही, मग त्यांना शुद्धीवर आणलं. सात-आठ मिनिटांच्या पुढे गेलेल्या पिल्लांच्या मेंदूत इजा सापडली. ती कॉर्टेक्समध्ये असेल असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ती होती ब्रेनस्टेममध्ये आणि थॅलॅमसमध्ये, आणि सर्वांत ठळकपणे इन्फिरिअर कॉलिक्युलसमध्ये, दोन्ही बाजूंना सारखी. म्हणजे श्रवणवाटेच्या बरोबर मधल्या थांब्यावर. काही पिल्लं पुढे बाहेरून बरीच सावरलेली दिसली, आतली इजा मात्र भरून आली नाही. विंडल यांना १९६८ चा लास्कर पुरस्कार, वैद्यकीय संशोधनातला एक मोठा सन्मान, मिळाला. त्याच वर्षी तो हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांनाही मिळाला होता.

इजा तिथेच का, याचं उत्तर पुढे मिळालं. लुईस सोकोलॉफ यांनी १९७७ मध्ये मेंदूचा कुठला भाग किती साखर जाळतो हे मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. उंदरात आणि माकडातही, मेंदूचे जे भाग मोजले त्यांत सर्वाधिक खप इन्फिरिअर कॉलिक्युलसचा निघाला. शांत खोलीतसुद्धा हा भाग अखंड काम करत असतो. ज्याला इंधन जास्त लागतं, तो पुरवठा एकदम तुटल्यावर आधी मोडतो. विंडल यांचे सहकारी रोनाल्ड मायर्स यांनी १९७२ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. प्राणवायू एकदम, पूर्ण तुटला तर इजा ब्रेनस्टेम आणि थॅलॅमसला होते. तो बराच वेळ अर्धवट मिळत राहिला तर ती प्रामुख्याने कॉर्टेक्सला होते.

हे प्रयोग वाचताना मन दुखतं, आणि आज कुठलीही नैतिकता समिती त्यांना सहजी परवानगी देणार नाही. पण बाळ रडलं नाही तर पहिल्याच मिनिटात बॅग-मास्कने श्वास द्यायची जी धावपळ लेबर रूममध्ये होते, तिच्यामागचं एक कारण या पिल्लांनी दाखवून दिलं आहे.

उशिरा रडलेलं प्रत्येक बाळ बहिरं असतं, असं मात्र अजिबात समजू नका. बहुतेक बाळांना काही होत नाही. त्यांची श्रवण तपासणी टाळायची नाही, इतकंच.

माकडाच्या पिल्लालाही बोलायला, म्हणजे आवाज काढायला, ऐकावं लागतं का?

स्क्विरल माकडाच्या पिल्लाला एकटं वाढवलं, किंवा ते जन्मतः बहिरं असलं, तरी त्याचे आवाज जवळपास नेहमीसारखेच निघतात. ते जन्मजात असतात. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट या इवल्याशा माकडाने मात्र शास्त्रज्ञांना चकित केलं. त्याची पिल्लं आपल्या बाळांसारखी बडबडतात. प्रिन्स्टनमध्ये आसिफ गझनफर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की ज्या पिल्लांच्या आवाजाला आई-वडील जास्त वेळा ओ देतात, त्यांची बडबड लवकर प्रौढ "फी" हाकेत बदलते. मार्मोसेटमध्ये पिल्लं बहुधा जुळी होतात आणि बापही त्यांना पाठीवर घेऊन हिंडतो, म्हणजे ओ द्यायला दोघंही जवळ असतात.

आवाज काढणं जन्मजात असलं, तरी ऐकलेल्याचा अर्थ लावणं शिकावंच लागतं. केनियातल्या अंबोसेली भागात व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळे इशारे देतात. रॉबर्ट सेफर्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी १९८० मध्ये लिहिलं की पिल्लं गरुडाचा इशारा निरुपद्रवी पक्ष्यांना पाहूनही देतात, कधी वरून गळणाऱ्या पानालाही. मोठी माकडं कशाला ओरडतात हे ऐकत ऐकत पिल्लं शिकतात.

सगळी बाळं सगळ्या भाषांचे आवाज ओळखतात, हे खरं आहे का?

सुरुवातीचे काही महिने बहुतांशी खरं आहे. यातला सर्वांत गाजलेला प्रयोग आपल्या ट आणि त वर झालेला आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले टा आणि ता ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही आणि मोठ्या इंग्रजी भाषकांना तो ऐकूच येत नाही. पण ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना तो सहज कळला. १० ते १२ महिन्यांच्या बाळांतल्या फारच थोड्यांना कळला. हा प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे वर्षाच्या आत कॉर्टेक्स घरातल्या भाषेवर बेतला जातो. परदेशात वाढणाऱ्या मराठी कुटुंबांना मी म्हणूनच सांगते, बाळाशी पहिल्या दिवसापासून मराठीत बोला. दोन भाषांनी बाळ गोंधळत नाही. आणि व्हिडिओ कॉलवरची आजी चांगलीच आहे, पण घरातल्या बोलण्याची जागा तिने घ्यावी अशी अपेक्षा ठेवू नका.

पहिल्या महिन्यात बाळ आवाजाकडे मान वळवायचं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वळवत नाही. ऐकू येईनासं झालं का?

बहुधा नाही. डार्विन म्युअर यांनी १९७९ च्या सुमारास हेच नोंदवलं. नवजात बाळ खुळखुळ्याच्या दिशेने सावकाश मान वळवतं, मग मधल्या काळात ते कमी होतं आणि चौथ्या महिन्याच्या आसपास पुन्हा, आधीपेक्षा चटकन, सुरू होतं. प्रचलित स्पष्टीकरण असं की पहिलं वळणं हा ब्रेनस्टेमचा प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप होणारी हालचाल, असतो, आणि पुढे ते काम कॉर्टेक्स हाती घेतो. त्या बदलाच्या काळात वळणं मागे पडतं. पण जन्मानंतर तपासणी झालीच नसेल, तर वाट पाहू नका.

आम्ही मागे जाऊन थाळी वाजवली, बाळ दचकलं. मग तपासणी कशाला?

थाळी फार मोठ्याने वाजते. मध्यम स्वरूपाचा बहिरेपणा असलेलं बाळही तिला दचकतं. शिवाय बाळ नेमकं कशाला दचकलं हे कळत नाही. गादीला बसलेला हादरा, हवेची झुळूक, भिंतीवर हललेली सावली, काहीही असू शकतं. बहिरी बाळं डोळ्यांनी आणि कातडीने फार सावध असतात. दरवाजा आपटला की वळून पाहणारं मूल पुढे "स" आणि "श" ऐकतच नाही, असं कितीदा तरी दिसतं. घरच्यांचा दोष नसतो, ही परीक्षाच चुकीची आहे.

ओएई आणि बेरा या श्रवण तपासण्यांत फरक काय?

ओएई कॉक्लियापर्यंतच पाहते. निरोगी कॉक्लिया आवाज ऐकून स्वतःही बारीकसा आवाज परत काढते. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये लंडनमध्ये हे दाखवलं. कानात छोटी बोंडी बसवायची, काही मिनिटांत निकाल. बेरा त्यापुढची वाट पाहते. श्रवणचेता आणि ब्रेनस्टेममधल्या त्या पाच लहरी, ज्यांचा उल्लेख वर आला, त्या झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून टिपतात.

पहिल्या दिवशी ओएईत "रेफर", म्हणजे "पुन्हा तपासा", आलं तर घाबरू नका. कानात जन्माच्या वेळचा पांढरा लेप किंवा मधल्या कानात द्रव राहिलेला असतो. काही दिवसांनी पुन्हा करा. पण पुन्हा कराच. "रेफर" आलेली आणि परत न आलेली बाळं ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे.

बाळाला कावीळ होती, किंवा ते एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं. ओएई "पास" आहे. पुरे का?

नाही. अशा बाळाची बेरा झालीच पाहिजे. कावीळ फार चढली तर बिलिरुबिन हे काविळीतलं पिवळं द्रव्य ब्रेनस्टेममधल्या श्रवणकेंद्रांवर आणि श्रवणचेतेवर आघात करतं. कॉक्लियाच्या बाहेरच्या केसपेशी त्यातून वाचू शकतात. मग ओएई उत्तम येते आणि बेरात लहरी सापडतच नाहीत. आवाज आत जातो, पण संकेतांची वेळ विस्कटते आणि मूल आवाज ऐकूनही शब्द वेगळे करू शकत नाही. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात.

पाच दिवसांहून अधिक एनआयसीयू, रक्त बदलावं लागेल इतकी कावीळ, जेंटामायसिनसारखी औषधं, मेंदूज्वर, गरोदरपणात रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, घरात लहानपणापासूनचा बहिरेपणा, यांपैकी काहीही असेल तर तपासणी एकदाच करून थांबायचं नाही. नात्यातलं लग्न असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. संकोच करू नका, आनुवंशिक बहिरेपणात ती माहिती उपयोगी पडते. आणि यातलं काहीच नसलं तरीही दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः कायमचा श्रवणदोष असतो.

एनआयसीयूतल्या बाळाशी बोलावं का?

बोला. अकाली जन्मलेल्या बाळाची ऐकण्याची वाट तेव्हाच बांधली जात असते, आणि आईच्या आवाजाऐवजी ते मॉनिटरचे बीप ऐकत असतं. बोस्टनमध्ये ४० अति-अकाली बाळांपैकी काहींना आईचा आवाज आणि हृदयाचे ठोके रोज ऐकवले. महिन्याभराने त्यांचा श्रवण कॉर्टेक्स इतर बाळांपेक्षा जाड दिसला. तो अभ्यास २०१५ चा. त्याने भाषा सुधारते असं अजून सिद्ध झालेलं नाही, पण कांगारू पद्धतीने बाळ छातीशी घेतलेल्या आईने हळू आवाजात बोलण्यात काहीच धोका नाही. एनआयसीयूतला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, असं अमेरिकी बालरोग अकादमी म्हणते.

बाळ झोपावं म्हणून रात्रभर मोबाईलवर "शूऽऽ" आवाज लावून ठेवतो. चालेल?

झोप लागेपर्यंत, लांबून, कमी आवाजात चालेल. उशाशी मोबाईल ठेवून रात्रभर नको. २००३ मध्ये एडवर्ड चँग आणि मायकेल मर्झेनिच यांनी उंदरांची पिल्लं सतत एकसुरी गोंगाटात वाढवली, तेव्हा त्यांच्या श्रवण कॉर्टेक्सची वाढ रेंगाळली. पिल्लू उंदराचं, गोंगाट अखंड, त्यामुळे थेट आपल्या बाळाला लावू नका. पण शांतता आणि निरनिराळे आवाज, दोन्ही मेंदूला हवे असतात. दिवसभर चालू टीव्हीबद्दलही हेच म्हणेन.

कानात कोमट तेल घालावं का?

नको. ऐकणं सुधारत नाही आणि संसर्गाचा धोका असतो.

"बाबापण उशिराच बोलला होता." थांबावं का?

हे वाक्य घरातली मोठी माणसं धीर द्यायला म्हणतात, आणि त्यातच महत्त्वाची वर्षं निघून जातात. एखादं मूल खरंच उशिरा बोलतं. पण ते ऐकू येणारं मूल आहे हे आधी कळायला हवं, आणि ते तपासणीशिवाय कळत नाही.

अनु शर्मा यांनी जन्मतः बहिऱ्या मुलांत कॉक्लिअर इम्प्लांटनंतर, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेल्या श्रवण-उपकरणानंतर, पी-वन लहर मोजली. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत ती काही महिन्यांत वयाप्रमाणे नेहमीच्या पातळीला आली. सात वर्षांनंतर झालेल्यांत बहुतेकांची आलीच नाही. हे २००२ चं काम आहे आणि त्यानंतर ठिकठिकाणी तेच दिसत आलं आहे. आवाज न मिळालेला श्रवण कॉर्टेक्स रिकामा बसून राहत नाही. त्याच्यातल्या जोडण्या छाटल्या जातात आणि काही भाग दृष्टी-स्पर्शाच्या कामाला लागतो. नंतर आवाज आला तरी त्याला जागा मिळत नाही.

म्हणून नियम आहे एक, तीन, सहा. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू. कोलोरॅडोत १९९८ मध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी दाखवलं की सहा महिन्यांच्या आत निदान आणि उपचार मिळालेल्या मुलांची भाषा नंतर सापडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली असते.

मूल आधीच पाच-सहा वर्षांचं आहे. आता काहीच उपयोग नाही का?

उपयोग आहे. श्रवणयंत्र, थेरपी, सगळं सुरू करा, फक्त अपेक्षा ऑडिओलॉजिस्टशी, म्हणजे श्रवणतज्ज्ञाशी, मोकळेपणाने बोलून ठरवा. थोडं ऐकू येत असेल, किंवा आधी ऐकू येत होतं आणि मग गेलं असेल, तर चित्र बरंच वेगळं असतं. आणि भाषा फक्त कानातून येत नाही. बहिऱ्या आई-बाबांची बाळं हातांनी बडबडतात, हे लॉरा-अ‍ॅन पेटिटो यांनी १९९१ मध्ये नोंदवलं आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. ती शिकवली तर मूल बोलणार नाही, या भीतीपोटी त्याला कुठल्याच भाषेविना ठेवू नका.

तपासणी कुठे होते? खर्च परवडत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून सुरू आहे, जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. अंगणवाडीत येणाऱ्या या कार्यक्रमाच्या (आरबीएसके) पथकाला किंवा आशाताईंना सांगा. ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे चिठ्ठी देतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिथे बेरा, श्रवणयंत्र आणि थेरपी मिळते. दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटलाही मदत होते. वयाची अट असते, म्हणून चौकशी लवकर करा.

बेराला जाताना काय तयारी करायची?

बाळ गाढ झोपलेलं हवं, नाहीतर स्नायूंच्या हालचालीत लहरी दिसत नाहीत. सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठवा आणि वाटेत गाडीत झोपू देऊ नका, हे सर्वांत कठीण, म्हणून सोबत दुसरं कुणीतरी घ्या. दूध घरून पाजून निघू नका, तिथे पोचल्यावर इलेक्ट्रोड लावून झाले की पाजा. तान्ही बाळं बहुधा त्यावरच झोपतात. मोठ्या बाळाला झोपेचं औषध लागलं तर ते तिथल्या डॉक्टरांनी द्यायचं, घरून देऊन आणायचं नाही. डोक्याला तेल आणि कपाळाला पावडर-काजळ लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. हातातल्या बांगड्या, पायातले वाळे काढून ठेवा. सर्दी असेल तर आधी फोन करून विचारा. डिस्चार्ज कार्ड, कावीळ झाली असल्यास बिलिरुबिनचे रिपोर्ट आणि आधीच्या ओएईचा कागद बरोबर घ्या. निकालाच्या कागदावर दोन्ही कानांचे आकडे वेगवेगळे लिहिलेले आहेत ना, ते निघण्यापूर्वी पाहून घ्या, आणि पुढची तारीख हातात घेऊनच बाहेर पडा.